बेप्पूच्या डोंगरावरचं विद्यापीठ: बारावीनंतर एपीयूला जायचं असेल तर

“सर, शिकवणं सगळं इंग्रजीतच असतं ना?” मुलाला पदवीसाठी जपानला पाठवायचं मनात असलेले पालक पहिला प्रश्न हाच विचारतात. वर्गात असतं. बसमध्ये, दवाखान्यात, नगरपालिकेच्या खिडकीवर नसतं, आणि नोकरीच्या मुलाखतीत तर बहुधा नसतंच. रित्सुमेइकान आशिया पॅसिफिक युनिव्हर्सिटी, म्हणजे एपीयू, या खासगी विद्यापीठात जायचं तर काय काय करावं लागतं ते पुढे क्रमाने लिहिलंय. एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकतो, कारण ती जवळपास प्रत्येक टप्प्यावर आडवी येते: प्रवेश इंग्रजीवर मिळतो, पण घातलेले पैसे वसूल होतात ते जपानी भाषेवर.

हे विद्यापीठ आहे तरी कसं

एपीयू टोकियोत नाही, ओसाकातही नाही. दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावर, ओइता प्रांतात, बेप्पू नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. लोकसंख्या लाखाच्या थोडी वर. गरम पाण्याचे झरे इतके की हिवाळ्यात गल्लीबोळातून वाफेचे लोट उठताना दिसतात. या गावाच्या डोक्यावरच्या डोंगरात एप्रिल २००० मध्ये हे विद्यापीठ सुरू झालं. शिक्षणाची बाजू क्योतोच्या जुन्या रित्सुमेइकान संस्थेने उचलली, जमीन आणि मोठी आर्थिक मदत बेप्पू शहर आणि ओइता प्रांताने दिली. ‘एक गाव, एक उत्पादन’ ही चळवळ चालवणारे मोरिहिको हिरामात्सु तेव्हा ओइताचे गव्हर्नर होते. तरुण पोरं गाव सोडून चालली होती, त्यावर जगभरातली तरुण पोरंच गावात आणून बसवायची हा त्यांचा उपाय.

सुरुवातीलाच तीन ‘पन्नास’ ठरले: निम्मे विद्यार्थी परदेशी, निम्मे शिक्षक परदेशी, आणि विद्यार्थी किमान पन्नास देशांतले. आज सहा हजारांच्या आसपास विद्यार्थी आहेत, देशांची संख्या शंभराच्या घरात गेली आहे आणि परदेशी मुलांचं प्रमाण अजूनही निम्म्याच्या जवळ आहे. जपानमधल्या बहुतेक विद्यापीठांत परदेशी मुलांसाठी एक वेगळा विभाग असतो आणि ती मुलं त्या इमारतीतच राहतात. इथे बहुतेक विषय दोन्ही भाषांत शिकवले जातात. जपानी मुलांना काही विषय इंग्रजीतून घ्यावे लागतात आणि इंग्रजीवर आलेल्यांना जपानी शिकावंच लागतं. एपीयूचं खरं वेगळेपण मला तरी यातच वाटतं, माहितीपत्रकातल्या झेंड्यांच्या फोटोत नव्हे.

पायरी १: आपल्या कामाचं आहे का

इथे इंजिनिअरिंग नाही, मेडिकल नाही, शुद्ध विज्ञान नाही. तीन विद्याशाखा आहेत. पहिली आशिया पॅसिफिक स्टडीज, म्हणजे आंतरराष्ट्रीय संबंध, समाज, संस्कृती. दुसरी इंटरनॅशनल मॅनेजमेंट, म्हणजे वित्त, विपणन, लेखा. या शाखेला २०१६ साली एएसीएसबी ही व्यवस्थापन शिक्षणातली आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तिसरी सस्टेनेबिलिटी अँड टुरिझम, २०२३ पासून सुरू झालेली. पर्यटनावर जगणाऱ्या गावात पर्यटन शिकायचं, म्हणजे प्रयोगशाळा दाराबाहेरच. कोकणात किंवा गोव्यात घरचा होमस्टे वा हॉटेल असलेल्या मुलांनी या तिसऱ्या शाखेकडे जरूर बघावं. ‘एमबीएची तयारी’ म्हणून सगळेच मॅनेजमेंटकडे धावतात, त्यामुळे ही शाखा नजरेतून सुटते.

कॉम्प्युटर सायन्स हवं असेल तर हा लेख इथेच मिटा. वासेदासारख्या काही जपानी विद्यापीठांत इंग्रजीतून विज्ञान-अभियांत्रिकी आहे, तिकडे बघा. टोकियोतच राहायचं असेल तर सोफिया विद्यापीठ, इंटरनॅशनल ख्रिश्चन युनिव्हर्सिटी (आयसीयू), वासेदाची एसआयएलएस ही इंग्रजीतून शिकवणारी शाखा हे पर्याय आहेत. तिथे चुरस जास्त आणि राहण्याचा खर्चही जास्त.

आणखी एक. कॅम्पस डोंगरावर आहे आणि बेप्पू स्टेशनपर्यंत बसने अर्धा-पाऊण तास लागतो. गावात उतरायचं असलं की मुलं ‘गेकाई’ला, म्हणजे खालच्या जगात, चाललोय म्हणतात. धुकं इतकं दाट पडतं की समोरची इमारत दिसत नाही, आणि कधीमधी बर्फ पडला की बसचं वेळापत्रक कोलमडतं. रात्री दहा वाजता पुण्याच्या एफसी रोडवर रेंगाळायची सवय असलेल्या मुलाला पहिले दोन महिने जड जातात. घरी बसून हा विचार करायला पैसे पडत नाहीत.

पायरी २: आधी हिशोब, मग स्वप्न

कागद-पेन घेऊन बसा. शुल्क दर वर्षी तपासावं लागतं, त्यामुळे खालचे आकडे अंदाजाला धरा आणि अर्ज कराल त्या वर्षीच्या प्रवेशपुस्तिकेतून पक्के करून घ्या.

प्रवेशशुल्क एकदाच, साधारण २ लाख येन. शिक्षणशुल्क पहिल्या वर्षी १३ लाख येनच्या आसपास, दुसऱ्या वर्षापासून १५ लाखांच्या आसपास. म्हणजे चार वर्षांचं शिक्षणशुल्क ५८ लाख येन. एका येनला ६० पैसे धरले तर ३५ लाख रुपयांना थोडे कमी.

पूर्ण शुल्क भरून तिथे जावं, असं मी कुणाला सांगणार नाही. एपीयूची शिक्षणशुल्क सवलत ही परदेशी विद्यार्थ्यांसाठीची मोठी सोय आहे. ३०, ५०, ६५, ८० आणि १०० टक्के असे तिचे टप्पे आहेत. ५० टक्के मिळाली तर चार वर्षांचे साडेसतरा लाख रुपये होतात, ८० टक्के मिळाली तर सात लाख. सवलत शिक्षणशुल्कावर असते; प्रवेशशुल्क भरावं लागतं. आणि ती मागायची ती प्रवेशाच्या अर्जासोबतच. ‘आधी प्रवेश तर होऊ दे, मग सवलतीचं बघू’ असं म्हणून थांबलात तर ती गाडी गेली. सवलत पुढे टिकवायच्या अटी ऑफरसोबत येतात, त्या मुलाने आणि पालकांनी दोघांनीही वाचाव्यात.

आता राहणं-खाणं. पहिल्या वर्षी परदेशी मुलं एपी हाऊस या वसतिगृहात राहतात, त्याचं भाडं महिना ५० ते ६० हजार येन धरा. जेवण, फोन, बस, विमा, पुस्तकं यांचे आणखी ३० हजार. म्हणजे वर्षाला १० लाख येन, सुमारे ६ लाख रुपये. चार वर्षांचे २४ लाख. म्हणजे अर्धी सवलत मिळूनही एकूण आकडा चाळीस-बेचाळीस लाखांपर्यंत जातो, आणि विमानाची तिकिटं त्यात धरलेली नाहीत. नातेवाईकांसमोर ‘पन्नास टक्के स्कॉलरशिप मिळाली’ हे सांगायला छान वाटतं. घराच्या दृष्टीने खरा प्रश्न उरलेल्या रकमेचा आहे.

विद्यार्थ्याला आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करायची परवानगी मिळते, लांब सुट्ट्यांत दिवसाला आठ तासांपर्यंत. ओइतामध्ये किमान वेतन ताशी हजार येनच्या आसपास आहे. कागदावर महिन्याला लाखभर येन होतात. प्रत्यक्षात अभ्यास, बसची वेळ आणि तोडकंमोडकं जपानी यांत ४०-५० हजार सुटले तरी पुष्कळ. पहिल्या सहामाहीत कमाई शून्य धरा. कामाच्या भरवशावर शुल्क भरायचं गणित मांडू नका. जेवणखाण सुटेल, एवढंच मांडा.

जपान सरकारच्या दोन गोष्टी माहीत असू द्या. एक, मेक्स्ट, म्हणजे जपानच्या शिक्षण मंत्रालयाची शिष्यवृत्ती. तिचा अर्ज दूतावास किंवा मुंबईतल्या वकिलातीमार्फत होतो, सगळा खर्च निघतो, पण जागा मोजक्या आणि वाट वेगळी. दुसरी, स्वतःच्या पैशांनी शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांसाठीचं महिना ४८ हजार येनचं मानधन. ते विद्यापीठाच्या शिफारशीवर मिळतं.

बँकेचंही बघून ठेवा. परदेशी शिक्षणासाठी स्वतःच्या खात्यातून आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर रक्कम पाठवली की वरच्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते. तो आयकराचं विवरणपत्र भरताना समायोजित होतो, पण तोवर पैसे अडकतात. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो कापला जात नाही.

पायरी ३: एप्रिल की सप्टेंबर

जपानी शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, पण एपीयू सप्टेंबरातही प्रवेश देतं. महाराष्ट्र बोर्डाची बारावी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, निकाल मे महिन्यात लागतो. म्हणजे त्याच वर्षीच्या एप्रिलला जाणं शक्यच नाही. आपल्या मुलांसाठी सप्टेंबर सरळ पडतो.

अर्ज मात्र त्याच्या खूप आधी जातो. सप्टेंबर प्रवेशाच्या फेऱ्या आदल्या वर्षाच्या शेवटाकडे उघडतात आणि वसंतापर्यंत चालतात. म्हणजे अर्ज करताना बारावीचा निकाल हातात नसतो. दहावी आणि अकरावीचे गुण जोडावे लागतात, बारावीचे नंतर पाठवायचे. आपल्याकडे अकरावी हे आराम करायचं वर्ष मानतात. या अर्जात तेच वर्ष सगळ्यात ठळक दिसतं. मूल आत्ता दहावीत असेल तर ही एक गोष्ट आजच त्याच्या कानावर घाला.

पहिल्या फेरीत अर्ज करणं बरं. शेवटच्या फेरीत गेलात तर पुढे व्हिसाच्या कागदांना वेळ पुरत नाही, आणि पुन्हा अर्ज करायला त्या वर्षी फेरीही उरत नाही.

पायरी ४: कागदपत्रं, आणि नावाचा घोळ

पासपोर्ट सर्वांत आधी काढा. आपल्याकडच्या मुलांचे अर्ज अडतात ते गुणांपेक्षा जास्त वेळा नावावरून.

बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर आडनाव एका ओळीत, आणि ‘दिलेलं नाव’ या ओळीत मुलाचं, बऱ्याचदा वडिलांचंही. शाळेच्या दाखल्यावर तिसरंच स्पेलिंग. जपानमध्ये पुढची चार वर्षं पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं चालतं: निवासकार्डावर, विम्याच्या कार्डावर, बँकेच्या पासबुकावर. तेव्हा पासपोर्ट काढतानाच ठरवा की वडिलांचं नाव घालायचं की नाही, आणि अर्जापासून विमानाच्या तिकिटापर्यंत तीच अक्षरं ठेवा. गुणपत्रिकेत फरक असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र इंग्रजीत करून ठेवा.

इंग्रजीचा पुरावा लागतो. आयईएलटीएसला ६ किंवा त्याहून वर गुण असले की अर्ज भक्कम बसतो. सवलत मोठी हवी असेल तर ७ च्या दिशेने जा. इंग्रजी माध्यमातून शिकलोय म्हणून ही परीक्षा लागणारच नाही, असं परस्पर गृहीत धरू नका; प्रवेश कार्यालयाला ईमेल करा. उत्तर येतं, आणि नीट येतं.

शिफारसपत्राचं आपल्याकडे एक खास दुखणं आहे. इंटिग्रेटेड क्लासच्या जमान्यात अकरावी-बारावीची मुलं कॉलेजात जातच नाहीत, आणि मग ज्या सरांनी मुलाला धड पाहिलेलंही नाही त्यांच्याकडून ‘हा विद्यार्थी हुशार, मेहनती आणि नम्र आहे’ असं पत्र येतं. वाचणाऱ्याला ते ओळखू येतं. दहावीपर्यंत शिकवलेल्या शिक्षकांचं पत्र चालेल का ते विचारा, किंवा कॉलेजातल्या एखाद्या मॅडमना आधीपासून भेटत जा, स्पर्धेत, एनएसएसमध्ये, कशातही. पत्रात एक खरा प्रसंग असला तरी पुरे.

अर्ज ऑनलाइन असतो आणि स्वतः भरता येतो. त्यासाठी एजंटला लाखभर रुपये मोजायचं कारण नाही.

पायरी ५: निबंध आणि मुलाखत

निबंधात तीच तीन वाक्यं येतात: लहानपणापासून ॲनिमे आवडतं, जपानची शिस्त आवडते, बुलेट ट्रेन आवडते. तिन्ही खोडा. वाचणाऱ्याला तीन गोष्टी हव्या असतात: तुम्ही आजवर स्वतःहून काय केलंत, एपीयूच्या अभ्यासक्रमातलं नेमकं काय तुम्हाला हवंय, आणि निम्म्या जगासोबत एका स्वयंपाकघरात राहायची तुमची तयारी आहे का.

चांगला मजकूर बहुतेक घरातच असतो. नाशिकच्या मुलीने द्राक्षनिर्यातीच्या हंगामात वडिलांसोबत पॅकहाऊसमध्ये काढलेल्या रात्री लिहाव्यात. कोणती पेटी का परत आली, रसायनाच्या अंशाची मर्यादा देशागणिक कशी बदलते, हे तिला पाठ असतं आणि व्यवस्थापनाचा अभ्यास का करायचा याचं उत्तर त्यातच आहे. मालवणच्या मुलाने मे महिन्यात पर्यटकांनी भरलेल्या गावात पाण्याचे टँकर कसे पुरवतात ते लिहावं. ‘शाश्वत पर्यटन’ हे शब्द न वापरताही तो निबंध शाश्वत पर्यटनाचा होतो.

मुलाखत कॅमेऱ्यासमोर असते. पाठ केलेलं उत्तर दहा सेकंदांत कळतं. आपली मुलं स्वतःच्या कामाबद्दल ‘वुई’ म्हणत राहतात: आम्ही केलं, आम्ही जिंकलो. त्यात तुम्ही काय केलं ते सांगा.

पायरी ६: जपानीला आत्ताच हात घाला

वर्गात जपानी शून्यापासून शिकवतात हे खरं. फाउंडेशनच्या वर्गांपासून सुरुवात होते, मग इंटरमीजिएट, आणि पुढे ज्याला झेपेल त्याला ॲडव्हान्स्ड. पण तिथे वेग जबर असतो. वर्ग आठवड्यातले बरेचसे दिवस, लहान चाचण्या सतत, आणि हजेरी खडूस. सोबत बाकीचे विषय. हिरागाना-काताकाना या जपानी लिप्या घरून पक्क्या करून आलेला मुलगा पहिल्या महिन्यात श्वास घेऊ शकतो; न आलेला तेव्हाच मागे पडतो आणि मग ‘पदवीपुरतं पास होऊ’ यावर येतो.

याबाबत पुणेकर नशीबवान आहेत. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात आणि गल्लोगल्लीच्या खासगी वर्गांत जपानी शिकवलं जातं. जपानी येणारी माणसं पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आली आहेत. जेएलपीटी ही जपानीची पातळी तपासणारी परीक्षा (एन५ सगळ्यात सोपी, एन१ सगळ्यात कठीण) पुण्यात आणि मुंबईत जुलै आणि डिसेंबरात होते. बारावी करता करता एन५ सहज होते, जिद्द असेल तर एन४ सुद्धा. जाण्याआधी एन४ घेतलेल्या मुलाला तिथे काही वर्ग वगळून वरच्या पातळीवर बसायची संधी मिळते, आणि तिसऱ्या वर्षी नोकरी शोधायला लागायच्या आत एन२ गाठता येते. त्या एका वर्षाच्या आघाडीची किंमत पुढे नोकरीच्या टप्प्यावर कळते.

पायरी ७: प्रवेश मिळाल्यावर

ऑफर आली की ठरलेल्या तारखेच्या आत प्रवेशशुल्क आणि पहिल्या सहामाहीचं शुल्क भरायचं. एक लक्षात ठेवा: जपानमध्ये प्रवेशशुल्क साधारणपणे परत मिळत नाही. दुसऱ्या देशातल्या निकालाची वाट बघत असाल तर ही रक्कम बुडीत धरूनच भरा.

मग सीओई. म्हणजे तुम्ही विद्यार्थी म्हणून यायला पात्र आहात असं जपानच्या इमिग्रेशन खात्याचं प्रमाणपत्र. त्याचा अर्ज तुमच्या वतीने विद्यापीठ करतं, तुम्ही फक्त कागद पुरवायचे: पासपोर्ट, फोटो, आणि खर्च करणाऱ्या व्यक्तीच्या उत्पन्नाचे व शिलकीचे पुरावे. आपले लोक अडतात ते या शिलकीवर. अर्जाच्या आठवडाभर आधी काकांकडून, मामांकडून पैसे घेऊन खात्यात ढीग केलेला बँकेच्या खातेउताऱ्यात लगेच दिसतो. मुदत ठेवी, पीएफ, कर्जाचं मंजुरीपत्र असं जे खरं आहे ते दाखवा. शेतीचं उत्पन्न असेल तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि त्याचं इंग्रजी भाषांतर लवकर काढून ठेवा, शेवटच्या आठवड्यात तहसीलच्या चकरा मारू नका.

सीओईला एक ते तीन महिने लागतात. ती आली की तीन महिन्यांत जपानमध्ये पोहोचायचं असतं. तिच्यासह व्हिसाचा अर्ज केला की व्हिसा बहुधा आठवडाभरात होतो. आधीचा टप्पा कडक, हा सोपा.

पायरी ८: विमानतळ आणि पहिले पंधरा दिवस

मुंबईहून दोन वाटा. टोकियोला उतरून देशांतर्गत विमानाने ओइता, किंवा बँकॉक-सिंगापूरसारख्या ठिकाणी विमान बदलून थेट फुकुओका. फुकुओकातल्या हाकाता स्टेशनवरून सोनिक ही गाडी दोन तासांच्या आसपास बेप्पूला सोडते. विद्यापीठाने नेण्याची सोय ठेवली असेल तर मात्र ठरवून दिलेल्या दिवशीच पोहोचा.

विमानतळावर इमिग्रेशनच्या खिडकीपाशीच निवासकार्ड मिळतं. तिथेच दुसरा एक एकपानी फॉर्म द्या: अर्धवेळ कामाच्या परवानगीचा. तो आधीच भरून पासपोर्टमध्ये ठेवा. शिक्का तिथल्या तिथे कार्डाच्या मागे बसतो. हा फॉर्म राहिला तर नंतर इमिग्रेशन कार्यालयात जाऊन अर्ज करावा लागतो आणि आठवडे जातात.

राहायला गेल्यावर १४ दिवसांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा. त्यासोबतच राष्ट्रीय आरोग्य विमा; त्यामुळे दवाखान्याच्या बिलाचे ३० टक्केच आपल्याला द्यावे लागतात. वय २० पूर्ण असेल किंवा पुढे होईल तेव्हा राष्ट्रीय पेन्शनची नोंद येते. घाबरू नका, पण पाकीट कचऱ्यातही टाकू नका: विद्यार्थ्यांसाठी हप्ता पुढे ढकलायची सोय आहे, तिचा अर्ज करावा लागतो. नगरपालिकेकडून येणारं कुठलंही पाकीट वसतिगृहातल्या सीनियरला दाखवल्याशिवाय बाजूला ठेवू नका.

एपी हाऊसमध्ये मजल्यावर आरए असतात, मोठे विद्यार्थी, काही जपानी काही परदेशी. काही खोल्या एकट्याच्या, काही मधल्या सरकत्या पडद्यासह दोघांच्या. दोघांची खोली मिळाली आणि जोडीदार जपानी असेल तर तक्रार करू नका. तेवढं फुकटचं जपानी पुन्हा मिळणार नाही. कचऱ्याचे प्रकार वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या पिशवीत, याचा तक्ता पहिल्याच दिवशी फ्रिजवर लावा.

शाकाहारी असाल तर

थोडं सविस्तर लिहितो, कारण आईचा जीव इथेच अडकलेला असतो. कॅम्पसच्या कॅन्टीनमध्ये हलाल जेवणाची सोय आहे, तिथे मांस चालणाऱ्यांचा प्रश्न सुटतो. शाकाहाराची गोष्ट कठीण. दिसायला शाकाहारी असणाऱ्या बऱ्याच पदार्थांत माशाचा अर्क असतो. मिसो सूपमध्ये, नूडल्सच्या रश्शात, उकडलेल्या भाजीत, ‘दाशी’ नावाचा तो पातळ अर्क सगळीकडे. ‘निकु नाशी’, म्हणजे मांस नको, एवढं म्हटलं तर समोरचा मांसाचे तुकडे काढून देतो, रस्सा तोच. ‘साकाना मो दाशी मो दामे’, मासा आणि दाशीही नको, हे वाक्य आल्याआल्या पाठ करा.

वसतिगृहात स्वयंपाकघर आहे आणि मुलं बहुतेक तिथेच शिजवतात. तांदूळ चिकट असतो, त्याचा वरणभात चांगला होतो पण पुलाव होत नाही. डाळी आणि मसाले जपानमधल्या ऑनलाइन दुकानांतून मागवता येतात. बॅगेत दहा किलो पीठ कोंबण्यापेक्षा लहान प्रेशर कुकर, गोडा मसाला, हिंग आणि थोडी मेतकूट-चटणी एवढं न्या. विजेचा दाब तिकडे १०० व्होल्ट आहे, त्यामुळे आपल्याकडचा मिक्सर तिथे चालत नाही. मांस आणि त्याचे पदार्थ अजिबात नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात आणि दंडही होऊ शकतो.

दुसऱ्या वर्षापासून

वसतिगृह सोडून गावात घर घ्यावं लागतं. बेप्पूत विद्यार्थ्यांच्या खोल्या महिना २५ ते ४० हजार येनला मिळतात, टोकियोच्या मानाने फारच स्वस्त. घर घेताना अनामत, घरमालकाला परत न मिळणारी भेटरक्कम आणि हमीदार कंपनीचं शुल्क असे वेगवेगळे आकडे लागतात. एकंदर तीन-चार महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम हाताशी ठेवा. घर स्टेशनजवळ घ्यायचं की कॅम्पसच्या बसमार्गावर, हे कामाच्या जागेवरून ठरवा.

कामाला ‘बाइतो’ म्हणतात. ओनसेन, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांच्या, हॉटेलांत खोल्या आवरणं आणि भांडी धुणं ही कामं जपानी फारसं न येणाऱ्यांना मिळतात. रिसेप्शन आणि दुकानातलं गल्ल्यावरचं काम भाषा आल्यावर. पैसे जवळपास सारखेच, पण पहिल्या कामात तुम्ही चार वर्षं गप्प राहून कमावता आणि दुसऱ्यात रोज चार तास बोलून. बदलता येईल तितक्या लवकर बदला. २८ तासांची मर्यादा मात्र कधीही ओलांडू नका. दोन ठिकाणी काम केलं तर दोन्हींचे तास मिळून मोजतात, आणि व्हिसा वाढवताना ते कागदावर दिसतं.

नोकरी

“तिथे कॅम्पस प्लेसमेंट असते ना?” आपल्या अर्थाने नसते. कंपन्या बेप्पूच्या डोंगरावर येतात, माहिती देतात, काही तिथेच मुलाखतीही घेतात, आणि करिअर ऑफिस मदतीला असतं. पण यादीत नाव घालून नोकरी लावून देणारं कुणी नाही. ‘शूकात्सु’, म्हणजे नोकरीचा शोध, मुलाने स्वतः करायचा असतो.

तो पदवीच्या खूप आधी सुरू होतो. ठरलेला क्रम असा: तिसऱ्या वर्षाअखेरीस १ मार्चपासून कंपन्यांच्या माहिती सभा, १ जूनपासून निवड, १ ऑक्टोबरला औपचारिक नेमणूकपत्र. प्रत्यक्षात पुष्कळ कंपन्या तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळी इंटर्नशिपपासूनच माणसं हेरतात. जपानीतला अर्ज, एसपीआय नावाची अभियोग्यता चाचणी, मग तीन-चार मुलाखती. बहुतेक कंपन्या एन२ तरी मागतात. इंग्रजीवर नोकरी देणाऱ्या कंपन्या आहेत, पण त्या थोड्या आणि जगभरातली मुलं त्यांच्याच मागे.

सप्टेंबरात आलेला मुलगा साधारणपणे सप्टेंबरातच पदवीधर होतो, आणि जपानी कंपन्या नवे कर्मचारी मुख्यतः एप्रिलमध्ये घेतात. मधल्या महिन्यांसाठी व्हिसाचा प्रकार बदलून राहता येतं, नोकरी ठरली असेल तरी आणि शोध चालू असेल तरी. शोधासाठी एका वेळी सहा महिने मिळतात आणि एकदा वाढवता येतात. ऑक्टोबरात रुजू करून घेणाऱ्या कंपन्या कोणत्या, ते तिसऱ्या वर्षीच करिअर ऑफिसकडून लिहून घ्या.

परत यायचं असेल तर पदवीच्या दिवशीच गुणपत्रिका आणि पदवीपत्राच्या इंग्रजी प्रती मोहोरबंद पाकिटात, चार-पाच तरी, मागून घ्या. भारतात पुढच्या शिक्षणाला किंवा सरकारी नोकरीला समकक्षता प्रमाणपत्र काढावं लागतं, आणि तेव्हा पुण्यात बसून बेप्पूहून पाकीट मागवत बसण्यापेक्षा ते कपाटात असलेलं बरं.